आगरी-कोळी स्वयंपाक कुणाच्या तरी घरी उभं राहून शिकायचाय: ठाणे-नवी मुंबईत चार दिवसांत काय जमेल?

खानदेशी_तवा

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात चार दिवस ठाण्यात मुक्काम आहे. आम्ही तिघं जळगावचे, त्यातला एक पक्का शाकाहारी. हॉटेलातली आगरी थाळी नकोय, ती कधीही मिळते. एखाद्या घरात, त्यांच्याच ओट्याजवळ उभं राहून माशाचं कालवण, बोंबील आणि तांदळाची भाकरी शिकायची आहे. पैसे अर्थातच देणार. जाणकारांना काही प्रश्न:

असं शिकवणारं घर गाठायचं कसं? एका दिवसात किती पदार्थ ठेवावेत? बाजार कुणी करायचा? घरातल्या बाया सगळं अंदाजाने घालतात, मग माप लिहून कसं घ्यायचं? शाकाहाऱ्याचं काय करायचं?

आणि एक खास प्रश्न. ज्वारी-बाजरीची भाकरी हाताला बसलेली आहे, तांदळाची मात्र थापतानाच कडेने फाटते. पाणी कमी पडतं की पीठच चुकतं?

---

खाडीकाठ

आधी तारखा बघा, मग गाव ठरवा. तुम्ही येताय ते दिवस मार्गशीर्षाच्या आसपासचे. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंतचे सहा दिवस खंडोबाचे, आणि बऱ्याच कोळी-आगरी घरांत त्या दिवसांत म्हावरं (मासळी) शिजत नाही. मार्गशीर्षातले गुरुवार तर बहुतेक ठिकाणी पाळतातच, काही घरांत अख्खा महिना. सोमवार, शनिवार, संकष्टी हे ज्याच्या त्याच्या घरावर. त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न ‘काय काय शिकवाल’ हा नाही, ‘तुमच्याकडे कुठले वार पाळतात’ हा. उरतात मंगळवार, बुधवार, शुक्रवार, रविवार. रविवारी बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि घरीही पाहुणे असतात, शिवाय लोकलचा मेगाब्लॉक. मंगळवार-बुधवार असे लागोपाठ दोन दिवस मिळाले तर उत्तम.

(पुढे कुणी हा धागा वाचून पावसाळ्यात यायचं ठरवेल म्हणून सांगतो: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते. तेव्हा ताज्या माशांचा हट्ट न धरता सुकट, जवळा, सोडे अशी सुकी मासळी शिकावी. घराघरांतही त्या दिवसांत तेच शिजतं.)

जागा. ठाण्यात राहताय तर चेंदणी कोळीवाडा स्टेशनपासून चालत. नवी मुंबईत दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव, घणसोली ही मूळ गावं. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली आणि सेक्टर या गावांच्या भोवती उभे राहिले, त्यामुळे टॉवरच्या मागच्या गल्लीत अजूनही मासळी वाळताना दिसते. दिवाळ्याला जायचं तर सीबीडी बेलापूर स्टेशन. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल पकडा, वाशी लोकल नको, म्हणजे मध्ये बदलावं लागत नाही.

घर गाठायचा सरळ रस्ता म्हणजे मासळी विकणारी मावशी. पण सकाळी नऊला विचारलंत तर ती मान वर करणार नाही. आदल्या दिवशी जा, तिच्याकडूनच थोडं काही विकत घ्या आणि पाटी रिकामी व्हायला आली की विचारा. ती स्वतः नाही म्हणाली तरी नणंदेचं, जावेचं नाव सांगेल. दुसरा रस्ता गावातले महिला बचत गट. इथे एक निवड नीट करा. लग्नातल्या हळदीच्या जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईंचा हात दोनशे पानांना बसलेला असतो, त्यांचं माप घमेल्यात चालतं; ते तुम्हाला घरी जाऊन उतरवता येणार नाही. चार-सहा माणसांचे डबे करणारी कुणी असेल तर तिच्याकडे शिका.

पदार्थ एका दिवशी तीनच: एक कालवण, एक तळणीचा प्रकार, भाकरी. बाजार आणि माशाची साफसफाई धरूनच पाच तास जातात. आणि हे जरा आगाऊपणाचं वाटेल, पण दुसऱ्या दिवशी नवे पदार्थ घेऊ नका. तेच तीन, फक्त पहिल्या दिवशी त्यांनी करायचे आणि तुम्ही बघायचं, दुसऱ्या दिवशी तुम्ही करायचे आणि त्यांनी टोकायचं. सात पदार्थ बघून परत गेलेल्याला जळगावात एकही जमत नाही.

पैशाचं आदल्या दिवशीच मोकळेपणाने बोलून घ्या. बाजाराचे पैसे जागेवर तुम्ही द्यायचे, भाव मात्र त्यांना करू द्यायचा. मेहनतीचे दिवसाप्रमाणे वेगळे, त्यातच गॅस, तेल, मसाला. आणि मासळी तिघांपुरती घेऊ नका. त्या घरातली माणसं मोजून घ्या. तुमच्यासाठी शिजवून त्यांनी आमटी-भात खायचा, हे बरं दिसत नाही.

---

परात_आणि_पाणी

भाकरीचं मी सांगते. ज्वारीचा हात असलेल्यांचीच तांदळाची भाकरी जास्त फाटते, कारण सवय उलटी असते. ज्वारीला पीठ घ्या, मळा, थापा. तांदळाची आधी उकड काढावी लागते. तांदळाच्या पिठाला स्वतःची चिकाटी नसते. उकळत्या पाण्यात त्यातला स्टार्च फुलून चिकट होतो आणि तोच पिठाला धरून ठेवतो. पाणी नुसतं गरम असेल, खळखळ उकळलेलं नसेल, तर वरून गोळा छान दिसतो आणि थापायला घेतला की कडा सुटतात. तुमचं बहुधा हेच होतंय.

पीठ जुन्या जाड्या तांदळाचं. तांदूळ धुऊन, सावलीत कापडावर वाळवून, अगदी बारीक दळून आणायचा. गिरणीत तांदळावरच दळून घ्या, गव्हावर नको. पीठ दोन बोटांत चोळलं तर कणी लागता कामा नये. नव्या तांदळाचं असेल तर पाणी दोन-तीन चमचे कमी लागतं, नाहीतर परातीला चिकटतं.

माप: १५० मिलिलिटरची वाटी धरा. दोन वाट्या पाणी, अर्धा चमचा मीठ, हवं तर चमचाभर तेल. खळखळ उकळी आली की गॅस बारीक करून दोन वाट्या पीठ एकदम मधोमध ओता आणि अर्धा मिनिट हात लावू नका. मग उलथन्याच्या दांड्याने हलवा; चपट्या बाजूने हलवलं की गुठळ्या दाबल्या जातात, फुटत नाहीत. झाकण, मंद गॅसवर दोन मिनिटं, गॅस बंद करून आणखी पाच. ही पाच मिनिटं घाईत गाळतात आणि गार झाल्यावर भाकरी चामड्यासारखी का झाली म्हणून विचारतात.

उकड परातीत काढा. हाताला सोसवत नाही तोवर पेल्याच्या बुडाने रगडा, मग तळहाताच्या बुडाने, मधूनमधून गार पाण्यात हात बुडवत. एकूण सात-आठ मिनिटं. झालं की नाही हे बघायला लिंबाएवढी गोळी करून अंगठ्याने दाबा. कड चिरली तर पाण्याचा हात लावून अजून दोन मिनिटं. गोळा ओल्या फडक्याखाली ठेवा आणि प्रत्येक भाकरीचा उंडा थापायच्या आधी पुन्हा अर्धा मिनिट मळा. पहिली भाकरी चांगली आणि चौथी फाटकी होते ती हा अर्धा मिनिट चुकवल्याने. एवढ्या पिठात ९०-१०० ग्रॅमच्या पाचेक भाकऱ्या होतात.

थापताना तुम्ही नेमकं काय बघायचं ते सांगते, कारण शिकवणारीच्या ते तोंडात येत नाही, हातात असतं. तिचा उजवा हात जवळजवळ जागेवरच असतो, भाकरी फिरते. बोटांची पेरं खाली येतात तेव्हा तळवा परातीपासून वर असतो, आणि प्रत्येक थापेला बोटं किंचित उजवीकडे ओढतात, त्या ओढीने भाकरी गोल फिरते. डाव्या हाताची करंगळीकडची बाजू कडेला टेकलेली असते, कड पसरू नये म्हणून. नवशिक्या माणसाचा डावा हात रिकामा असतो. तिथेच कड फाटते.

भाकरी दोन्ही तळव्यांवर घेऊन पीठ झटका आणि पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाका. तवा तापलाय का हे पाण्याच्या थेंबावरून कळतं, थेंब नाचत नाचत उडाला पाहिजे. लगेच वरून पाण्याचा हात फिरवा, सगळीकडे, कडांना विसरू नका. पाण्याची चकाकी गेली, पण ओल आहे, त्या क्षणी उलटा. पूर्ण वाळू दिलंत तर वर पांढऱ्या भेगा पडतात आणि त्यातून वाफ निघून जाते, मग ती फुगत नाही. दुसरी बाजू तांबूस ठिपके येईपर्यंत भाजा, मग परत उलटून कडा फडक्याने दाबत फुगवा, नाहीतर सरळ जाळावर. मंद तव्यावर रेंगाळली तर कडक, फार कडक तव्यावर वरून डाग आणि आतून ओली.

---

तांबड_फुटताना

भाकरीचं झालं, आता म्हावरं.

बोंबील घेताना अंग काचेसारखं, गुलाबीसर पांढरं आणि ताठ बघा. पिवळसर झाक किंवा पोट फुटलेला सोडून द्या. पापलेटचा कल्ला दाबल्यावर पांढरं पाणी यावं; लालसर, मळकं आलं तर जुनं. बांगड्याचा डोळा फुगीर आणि स्वच्छ. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट. चिंबोरी दिसण्यावर जाऊ नका, हातात घेऊन वजनाला जड लागतेय का बघा. भावाची घासाघीस माहितगार माणसाने करायची असते, पण उचलून बघायला कुणाची ना नाही.

बोंबील. मध्यम आकाराचे आठ ते दहा. कात्रीने पर आणि शेपटी, डोकं उडवायचं, पोट उघडून आतली काळी पातळ साल ओढून काढायची. मग मधोमध चिरून उघडायचा आणि काटा शेपटीकडून सोडवत काढायचा. धुऊन एक चमचा मीठ चोळा, एका ताटात एकाच थरात पसरा, वर फडकं, त्यावर पाट, पाटावर तीन-चार किलोचं वजन: वरवंटा नाहीतर पाण्याने भरलेलं पातेलं. ताट एका बाजूने उचलून ठेवा म्हणजे सुटलेलं पाणी खाली जमेल. पाऊण तास. ओल्या बोंबलात मांसापेक्षा पाणीच जास्त, ते बाहेर काढल्याशिवाय तो तव्यावर तळला जात नाही, उकडला जातो. दाबल्यानंतर परत धुवायचा नाही, फक्त पुसायचा.

मग पाव चमचा हळद, एक चमचा आगरी मसाला, एक चमचा आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण, एक चमचा लिंबाचा रस किंवा आगळ (कोकमाचा रस). हे लावून दहा मिनिटंच. तासभर मुरवत ठेवलात तर परत पाणी सुटेल आणि मघाचं दाबणं वाया. मीठ आधी लागलेलं आहे हे लक्षात ठेवा, वाटणात नको. चार चमचे तांदळाचं पीठ आणि दोन चमचे बारीक रवा, पण बोंबील तव्यावर जायच्या क्षणीच घोळवायचा. लोखंडी तवा, मध्यम आच, तळाला चांगलं तेल. तीन-चार मिनिटं उलथनं लांब ठेवा. खालचा पापुद्रा धरल्यावर तो आपोआप सुटतो; त्याआधी उचकलात तर साल तव्यावर आणि मांस उलथन्यावर. एका वेळी चारच. काढल्यावर एकावर एक रचू नका, जाळीवर ठेवा.

कालवण, साफ केलेल्या अर्धा किलो माशाचं. तुकड्यांना मीठ-हळद लावून ठेवा. पसरट पातेल्यात तीन मोठे चमचे तेल, त्यात बारा-पंधरा लसूण पाकळ्या सालासकट ठेचून. साल करपायच्या आत लसणाला गोडसर वास येतो, तिथे चिमूट हिंग. आता गॅस अगदी बारीक करून अडीच-तीन लहान चमचे मसाला. हाच नाजूक क्षण. वीस-तीस सेकंदांत रंग तेलात उतरतो आणि त्यानंतर लगेच करपतो. म्हणून पाण्याची वाटी हातात धरूनच मसाला घाला. करपला तर कालवण कडवट, आणि चिंच-गूळ काही घातलं तरी ते झाकलं जात नाही. ओतून नव्याने सुरू करा.

दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे चिंचेचा कोळ. पाच मिनिटं खळखळू द्या, चिंचेचा कच्चा वास जातो. दाटपणा हवा तर चमचाभर तांदळाचं पीठ पाव वाटी पाण्यात कालवून लावा. मग मासे, दोन मोडलेल्या हिरव्या मिरच्या. यापुढे डाव घालायचा नाही. पातेलं दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून गोल हलवायचं. पापलेट-बांगड्याला सात-आठ मिनिटं, बोंबलाला चार. मीठ शेवटी चाखून. खाली उतरवून दहा मिनिटं झाकून ठेवल्यावरच चव कळते, उकळतं चाखून मीठ वाढवू नका.

तिसऱ्या (शिंपल्या) करणार असाल तर मालकिणीला आदल्या दिवशी सांगा. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम मीठ घालून दोन तास अंधारात ठेवाव्या लागतात, तेव्हा त्या वाळू टाकतात. टिचकी मारल्यावर न मिटणारी फेकायची, शिजल्यावर न उघडणारीही. उघडताना विळीवर जे पाणी सुटतं ते गाळून कालवणातच, पण ते खारट असतं, म्हणून मीठ सगळ्यात शेवटी.

---

चेंदणी_नाका

@तांबड_फुटताना, चिंचेचं ठीक, पण सरसकट चिंच नको सांगू. बांगड्याला आमसूल किंवा त्रिफळ घालणारी माणसं वेगळी, ती दक्षिण कोकणातली. इथल्या कोळीवाड्यातही घराघरात फरक आहे. कैरीच्या दिवसांत कैरी. आणि नारळ? ठाण्यात ओलं खोबरं वाटून लावणारी घरं कमी नाहीत.

शाकाहाऱ्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. त्याच्यासाठी वालाचं बिरडं ठेवा. ठाण्यात सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांतून ते मन लावून करतात, आगरी घरांतही होतं. पण एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा: बिरड्यात कोलंबी किंवा सोडे घालायची पद्धत आहे आणि अनेकांना सोड्याचं बिरडं म्हणजे जवळपास शाकाहारीच वाटतं! वेगळा तवा, वेगळं तेल, वेगळा डाव असं नाव घेऊन सांगायचं, ‘आमच्यातला एक व्हेज आहे’ एवढ्याने भागत नाही.

बिरड्याला दीड दिवस आधी सुरुवात. पाव किलो कडवे वाल रात्रभर भिजवा, पाणी ओतून द्या, त्यात कडवटपणा उतरतो. फडक्यात बांधून २४ तास. डिसेंबरात रात्री जरा गारवा असतो, मोड धिमे येतात, ३० तास धरा. मोड आले की दहा मिनिटं कडकडीत पाण्यात टाकून एकेक सोलायचा. दोन बोटांत मागून दाबला की डाळिंबी, म्हणजे सोललेला वाल, पुढून सुटते. एकट्याला पाऊण तास लागतो, म्हणजे तुम्हा तिघांना बसायला काम.

दोन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, मग डाळिंब्या. वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओता; ते तापलं की तेच आत घालत राहा. कुकर नको, डाळिंबी फुटून पिठलं होतं. चमच्याने ढवळायचं नाही, पातेलं हिसडायचं. बारा-पंधरा मिनिटांनी एक डाळिंबी चिमटीत दाबून बघा. विनासायास चेपली तरच चार-पाच आमसुलं, चमचाभर गूळ, मीठ, आणि अर्धी वाटी ओलं खोबरं, जिरं, मिरची, कोथिंबिरीचं वाटण. आमसूल आधी पडलं तर डाळिंब्या दाठर राहतात, मग तासभर शिजवा, मऊ होत नाहीत. आंबटाने कडधान्याचं शिजणं अडतं, साधं कारण.

आता तुमचा अंदाजाचा प्रश्न. ‘थांबा, मोजू द्या’ म्हणत दर वेळी हात धरलात तर त्यांची लय मोडते आणि माप खोटं येतं, कारण मोजताना माणूस जपून घालतो. एक ग्रॅम दाखवणारा लहान वजनकाटा घेऊन जा. सुरू करायच्या आधी मसाल्याचा डबा, मिठाचा डबा, तेलाची बाटली, पिठाचा डबा असं सगळं वजन करून लिहा. स्वयंपाक झाल्यावर परत करा. वजाबाकी म्हणजे त्यांचा खरा हात. दुसऱ्या दिवशी परत केलंत की दोन आकडे मिळतील आणि त्यांचा ‘अंदाज’ किती थोड्या फरकात फिरतो हे कळेल.

व्हिडिओ काढायचा तर विचारून, आणि समोरून नको. समोरून काढलं की डावं-उजवं उलटं होतं. त्यांच्या उजव्या खांद्यामागून, हात दिसतील असं. चव बघायची तर डावातलं थेंबभर तळहातावर घ्यायचं, डाव तोंडाला लावून परत पातेल्यात घातलात तर ते पातेलं उष्टं झालं. आणि पुष्कळ घरांत देव्हारा स्वयंपाकघरातच असतो, चपला बाहेर हे सांगायला नको.

---

खानदेशी_तवा

मनापासून आभार. वजाबाकीची युक्ती तर फारच कामाची. पीठ जळगावाहून जुन्या तांदळाचं दळून आणू का? आणि आगरी मसाला परत न्यायचा तर विकत कुठला घेऊ? आमच्याकडचा काळा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला चालेल का?

---

परात_आणि_पाणी

पीठ आणू नका. त्यांच्या पिठाला त्यांचं पाणी लागतं, शिकताना दोन्ही त्यांचंच असू द्या. पाहिजे तर जाताना त्यांच्याकडून अर्धा किलो न्या आणि घरच्या पिठाशी तुलना करा.

---

तांबड_फुटताना

खानदेशी काळ्या मसाल्याने कालवण होईल, पण ते खानदेशी होईल. त्यात भाजलेलं खोबरं आणि खडा मसाला पुढे असतो, तो माशाची चव झाकतो. कांदा-लसूण मसाला तर नकोच, लसूण आपण तेलात वेगळा घालतोय.

आगरी मसाल्यात रंगासाठी बेडगी-काश्मिरी, तिखटासाठी संकेश्वरी किंवा लवंगी मिरची, धणे, हळकुंड, मोहरी, खसखस, दगडफूल आणि गरम मसाल्याचे खडे. प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं आणि त्यावर वाद घालायचा नाही. उन्हाळ्यात, मार्च ते मे, मिरच्या वाळवून भाजून डंकावर कुटून आणतात आणि हिंगाचे खडे घालून बरणीत भरतात. म्हणजे तुम्ही याल तेव्हा बरणी सहा ते नऊ महिन्यांची असेल. तो वर्षाचा साठा असतो, किलोभर मागू नका. पाव किलोच्या वर कुणी दिला तर त्यांचं मन मोठं समजा. जास्त हवा असेल तर आत्ताच पैसे देऊन पुढच्या उन्हाळ्याच्या कांडपात तुमचे दोन किलो धरायला सांगा, कुरिअरने येतो. नेताना स्टीलच्या डब्यात, प्लास्टिकला वास आणि तेल दोन्ही धरतं. घरी गेल्यावर अर्धा फ्रीजमध्ये.

@चेंदणी_नाका, खोबऱ्याचं मान्य. पण पहिल्या दिवशी शिकणाऱ्याने बिनखोबऱ्याचंच करावं. खोबरं लावलं की करपलेला मसालाही लपतो, मग चूक कळणार कशी?

---

खाडीकाठ

पोपटीचं कुणी विचारायच्या आधी: थंडीत रायगडकडे शेतात वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजतात, ती सोसायटीच्या गच्चीवर होत नाही. तिकडे जायचं असेल तर वेगळा धागा काढा, वेगळा दिवस लागतो.

आणि एक राहिलं. बोंबील दाबायला ठेवल्यावरचा पाऊण तास रिकामा नसतो, त्या वेळात उकड काढायची. तळण सगळ्यात शेवटी, पानं घेतल्यावर. म्हणून बाजारातून आल्यावर पहिलं काम बोंबील, कालवणाचे मासे नंतर. हा क्रम उलटा झाला की अडीच वाजले तरी जेवण होत नाही आणि घरातली मुलं शाळेतून येऊन ताटकळतात.

---

खानदेशी_तवा

कॅलेंडर बघितलं. चंपाषष्ठी टाळून मंगळवार-बुधवार धरतोय, वाल रविवारी सकाळी भिजत घालायला सांगतो. वजनकाटा पिशवीत टाकला.

---

चेंदणी_नाका

रविवारी सकाळी नको, रविवारी रात्री. सकाळी भिजवलेत तर मंगळवारपर्यंत मोड फार लांब होतील आणि चव उतरेल. आणि काट्याचे सेल जास्तीचे ठेवा.